अगं माय, लेकराला शाळेतून काढलं म्हणं!

ऐकलंच असणार तुम्ही. हिंगोलीच्या गांधी चौकातल्या टपरीवर सकाळी साडेसातला फुटलेली बातमी आठाच्या आत नांदेड नाक्याला पोचते, आणि ही तर अशी खमंग, की सांगणाऱ्यानं स्वतःचा चहा थंड होऊ दिला. आपल्या गल्लीतली लेक, पुण्याला दिलेली, नवरा-बायको दोघं कॉम्प्युटरवाले, दसऱ्याला माहेरी आली. संगं दोन लेकरं. थोरला नऊचा, धाकटी सहाची. रामलीला मैदानावरच्या प्रदर्शनात, आकाशपाळण्याच्या रांगेत, शेजारच्या मावशींनी पोराच्या गालाला हात लावून रीतीप्रमाणं विचारलं, "कितवीला हाय रे बाळा?" पोरगं अगदी शांत. म्हणालं, "मी शाळेत जात नाही."

मावशींचा हात गालावरच राहिला. आजारी आहे का लेकरू? नाही. शाळेनं काढलं? नाही. फी थकली? अहो, दारात दोन गाड्या, फी कसली थकते! आईबापानंच काढलं. ठरवून! आणि वर आई हसत हसत सांगते, "मावशी, आम्ही होमस्कूलिंग करतो." जसं काही औंढ्याच्या नागनाथाला अभिषेक करून आलो!

त्या संध्याकाळी गल्लीत कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजल्या नाहीत. होमस्कूलिंग म्हणजे सरकार घरी गुरुजी पाठवतं का, असं एका आजीनं विचारलं. होमगार्डच्या धर्तीवर काहीतरी असावं, असा एका रिटायर्ड तलाठ्यांचा अंदाज. ओट्यावर बसलेल्या एकानं तर छातीठोक सांगून टाकलं, "पोलीस केस होती ह्याच्यात. आईबाप आत जातात."

जात नाहीत हो! आपण चौकशी केली. (भोचकपणा म्हणा, पण काम चोख.) शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, सहा ते चौदा वर्षांच्या लेकराला. त्यातलं दहावं कलम म्हणतं, लेकराला शाळेत घालणं हे आईबापाचं कर्तव्य. बरं, नाही घातलं तर? तर कायदा गप्प. दंड नाही, शिक्षा नाही, होमस्कूलिंग हा शब्दसुद्धा नाही. आपल्या नगरपालिकेच्या भाषेत सांगायचं तर अतिक्रमण आहे, पण नोटीस नाही. जर्मनीत असती ही बाई तर तिला कोर्टाची पायरी चढावी लागली असती. तिकडं घरच्या शाळेला सक्त मनाई. अमेरिकेत पन्नासच्या पन्नास राज्यांत राजरोस. आणि आपण? कुंपणावर. आपली जन्मजात आवडती जागा.

पण कायद्याचं जाऊ द्या. रीतभात काही आहे की नाही? ज्या लेकराला कधी अंगठे धरून उभं केलं नाही, ज्यानं पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीत घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या नाहीत, ज्याच्या दप्तरात डब्यातलं लोणचं कधी सांडलं नाही, ते लेकरू मोठं होऊन करणार काय? गॅदरिंगला त्याला झाड कोण करणार? दहावीचा निकाल लागल्यावर पेढे कुणी वाटायचे, आणि मुख्य म्हणजे आपण "किती पडले?" असं कुणाला विचारायचं? दुसऱ्याच्या लेकराचे मार्क विचारायचा आपला हक्कच ह्या बाईनं काढून घेतला. ह्याला काय म्हणावं?

"मग दिवसभर काय शिकायलंय लेकरू?" मावशींनी विचारलंच. उत्तर ऐकून दोन बायका पाटावरून खाली सरकल्या. म्हणे सकाळी जाग येते तेव्हा उठतो! (इथंच निम्मी गल्ली संपली.) मग डोश्याचं पीठ मोजतो, त्यात अपूर्णांक येतात. पुस्तकं वाचतो. ग्रहताऱ्यांचे व्हिडिओ बघतो. मागच्या महिन्यात त्यानं मिक्सर उघडला, मोटर कशी फिरते ते बघायला. आता खरं सांगा, मिक्सर आपल्या पोरानं उघडला नव्हता का? तेव्हा काय झालं होतं? पाठीत धपाटा, आणि मिक्सरवाल्याचं बिल. तोच मिक्सर, तीच मोटर, पण पुण्याला त्याला शिक्षण म्हणतात.

बाई वाचलेलीही निघाली. जॉन होल्ट नावाचे कुणी अमेरिकन मास्तर होते म्हणं. वर्गात शिकवून शिकवून त्यांना कळलं की लेकरू वर्गात शिकत नाही, घाबरतं. 'अनस्कूलिंग' हा शब्द त्यांचा. तो शब्द निघायच्या आधीच इव्हान इलिच नावाच्या गृहस्थांनी १९७१ला आख्खं पुस्तकच लिहिलं, की समाजाच्या डोक्यावरून शाळाच उतरवा. ऐकून रिटायर्ड तलाठी म्हणाले, "एवढं लिहायला ते शाळेतच शिकले असतील की." टाळी पडली. बाईही हसली. ती काही चिडत नाही, हीच तर मोठी अडचण! चिडली असती तर वाद घालता आला असता.

ओट्यावरच्या एकानं मग हुकमी पान टाकलं, "शाळेत संस्कार होतात, वहिनी." तिनं मोबाइल काढून फेब्रुवारी २०२४चा तो व्हिडिओ लावला. आठवतोय ना? आपल्याच जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत आमदारसाहेब लेकरांना सांगतायत, आईबापांनी मला मत दिलं नाही तर दोन दिवस जेवू नका. अख्ख्या राज्यात फिरला होता. आपण थोडे वरमलो, नाही असं नाही. पण तलाठी खमके. म्हणाले, "असं नागरिकशास्त्र घरी कोण शिकवणार?"

आणि आता ऐका कहर. दसरा झाला, बाई पुण्याला गेली, विषय थंडावला. आणि मार्चात पुन्हा दारात रिक्षा! मार्चात! ज्या महिन्यात बोर्डाच्या परीक्षा चालतात, गल्लीतले टीव्ही मुके होतात, आत्याच्या लग्नालासुद्धा लेकरू नेत नाहीत, त्या महिन्यात ही बया दोन लेकरं घेऊन माहेरपणाला. "सुट्टी मिळाली?" "आम्हाला कुठं सुट्टी लागते, काकू? हळद बघायला आलोय."

हळद! आपली हळद बघायला! आपल्या जिल्ह्यात मार्च म्हणजे जिकडं बघावं तिकडं पिवळं. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डाबाहेर हळदीच्या गाड्यांची रांग लागते, हे आपल्याला पेपरात वाचून माहीत. बाईनं लेकरांना थेट मामाच्या रानात नेलं. तिथं कुकर लावलेला, वाफेनं हळद शिजवायचं काम चालू, शंभर फुटांवर आलं तरी नाकात तो ओला, मातकट, उग्र वास. थोरल्याला वही दिली. वाफ कुठून शिरते, किती वेळ लागतो, शिजली हे कसं ओळखायचं, वाळायला किती दिवस, ढोलात घालून पॉलिश कशाला करतात. पोरानं चित्र काढलं, बाण दाखवले, खाली इंग्रजीत नावं लिहिली. बोटं पिवळी झाली ती फोटोत घेतली. अनुभवातून शिक्षण म्हणतात म्हणं ह्याला. फोटोला पुण्यातल्या तिच्या मैत्रिणींचे दोनशे बदाम.

आणि शेजारीच मामाच्या सालगड्याचं पोरगं, दहाचं, घमेलं उचलत होतं. त्याला हळद शिजली का ते वहीत बघावं लागत नाही. काडी टोचून सांगतो. हळकुंड कुठलं, गड्डा कुठला, बेण्याला काय ठेवायचं, सगळं तोंडपाठ. तोही त्या दिवशी शाळेत नव्हता. त्याच्या नावापुढं हजेरीत काय पडलं? 'गै.' गैरहजर. एकाच कुकरापाशी दोन लेकरं, एकच वाफ, एकाचा प्रोजेक्ट आणि दुसऱ्याची गैरहजेरी! शब्दांची तरी काय किमया पाहा. बाप ऊसतोडीला निघाला आणि लेकरू ट्रॅक्टरवर बसून संगं गेलं की ते 'शाळाबाह्य'. ४ जुलै २०१५ला सरकारनं एका दिवसात राज्यभर अशी लेकरं शोधायची मोहीम काढली होती; गुरुजी बिचारे वीटभट्ट्या, बसस्टँड, पालं धुंडत फिरले. बापाला पॅकेज असलं की तेच लेकरू होमस्कूलर. त्याला शोधायला कुणी येत नाही. त्याची मुलाखत घ्यायला येतात.

पण थांबा. एवढं तोंडसुख घेतल्यावर आपल्या एका बुवांनी, कीर्तनकार ते, आगीत तेल ओतलं. म्हणाले, नामदेव महाराज कुठल्या शाळेत होते? आता नामदेवांची नर्सी आपली, औंढा आपला, बोलायची सोय राहिली नाही. बुवांनी रंगवून सांगितलं: गोरोबाकाकांनी थापटण्यानं डोक्यावर टकटक करून घेतली ती पहिली प्रवेश परीक्षा. नामदेव नापास! मडकं कच्चं. मग औंढ्याला विसोबा खेचरांकडं धाडलं. एक मास्तर, एक विद्यार्थी, देवळात क्लास. मास्तर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले, हाच पहिला धडा. फी नाही, टेस्ट सिरीज नाही, आणि निकाल असा की सातशे वर्षांनी पंजाबातून लोक नर्सीला येतात. "बोला, काढायचं नाव शाळेतून?" बुवांनी विचारलं. स्वतःचे दोन्ही नातू मात्र इंग्लिश स्कूलला. व्हॅन दारात येते.

बुवांच्या नादानं बायकांनाही आठवलं. आनंदीबाई जोशींना गोपाळरावांनी घरीच नाही का शिकवलं? रमाबाई रानड्यांना नवऱ्यानं, पंडिता रमाबाईंना आईनं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे तर वडिलांपाशी शिकल्या आणि १८८२ला 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून मोकळ्या झाल्या. पुरुषांची अशी काही हजेरी घेतली की अजून सही झालेली नाही. म्हणजे शाळेचं दार बंद होतं तेव्हा घरी शिकणं हे बंड. दार उघडं असताना घरी बसणं हे काय? ह्यावर बायकांत मतं दोन पडली आणि आमटी लागली.

आता जरा आवाज खाली करा, कारण ह्यापुढचं आपल्यातलं आहे.

आपण हे जे "अगं बाई, अरे देवा" चालवलंय, ते नेमकं कुणाच्या तोंडानं? लेकरू एकीकडं आणि नाव दुसरीकडं ही विद्या पुण्यानं आपल्याकडून शिकावी! २०११ आठवतंय? शेजारच्या नांदेडात जिल्हाधिकारी श्रीकर परदेशींनी पटपडताळणी काढली, आणि मग ऑक्टोबरात सलग तीन दिवस राज्यभर. लेकरांच्या बोटाला शाई लावून मोजणी, मतदानासारखी, म्हणजे एकच लेकरू सकाळी ह्या शाळेत आणि दुपारी त्या शाळेत मोजलं जाऊ नये. आणि निघालं काय? पटावर नावं ढीगभर, बाकावर कुणीच नाही! लाखांनी लेकरं अशी, जी शाळेत नव्हती, घरी नव्हती, खरं तर जन्मालाच आलेली नव्हती. त्यांची खिचडी मात्र शिजत होती. होमस्कूलिंगची एवढी शुद्ध अवस्था जगात कुठं गाठली असेल? ना होम, ना स्कूल, नुसतं इंग.

बरं, ते संस्थावाल्यांचं झालं. आपलं घरचं बघा. पोरगं तीन वर्षांचं झालं की पिवळी व्हॅन दारात हवी. शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल' हवं, मग शाळा दोन पत्र्यांखाली का असेना. लेकरू टाय लावून "मे आय गो टू टॉयलेट" म्हणतं आणि आजी डोळे पुसते. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रंगरंगोटी आहे, सेमी इंग्रजी आहे, पुस्तकं फुकट, खिचडी फुकट, डी.एड. झालेले गुरुजी. पण तिथं कुणाची लेकरं जातात? 'त्यांची'. आणि गुरुजींची स्वतःची? गुरुजी हिंगोलीहून अप-डाऊन करतात. सकाळी जाताना स्वतःचं लेकरू व्हॅनमध्ये बसवून मग दुसऱ्याची शिकवायला जातात. अलाहाबाद हायकोर्टानं २०१५ला म्हणून टाकलं होतं, की सरकारी पगार घेणाऱ्यांनी लेकरं सरकारी शाळेत घालावीत. काय झालं पुढं? उत्तर प्रदेशातच काही झालं नाही, आपल्याकडं तर पेपरच वाचला नाही कुणी.

मग एक दिवस चमत्कार होतो. दुसरी संपवून इंग्लिश स्कूलचं लेकरू अचानक खेड्यातल्या झेडपीत दाखल! पालकांना मराठीचा पुळका आला म्हणता? मातृभाषेतून शिक्षणावर व्याख्यान ऐकलं? छे. वसमतचं नवोदय विद्यालय! फार तर ऐंशी जागा, त्यातल्या पंचाहत्तर टक्के ग्रामीण, आणि ग्रामीण धरायचं तर तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्या शाळेत झालेली हवी. झालं. नाव खेड्यात, लेकरू शहरात, सकाळी नवोदयचा क्लास, संध्याकाळी नवोदयचा क्लास, मधल्या वेळात गुरुजींना फोन, "तेवढी हजेरी सांभाळून घ्या." आणि आई? आई स्वयंपाकघरात ओट्याशी बसून बुद्धिमत्ता चाचणीच्या आकृत्या सोडवून घेते. ह्याला घरी शिकवणं म्हणत नाहीत. ह्याला 'थोडं लक्ष देणं' म्हणतात.

दहावीनंतरचं तर विचारूच नका. अकरावीला ॲडमिशन गावाकडच्या कॉलेजात, पोरगी नांदेडला किंवा लातूरला. खोलीत कॉट, कॉटखाली पुस्तकं, पुस्तकांवर डबा, आणि संगं राहायला आई. दोन वर्षं नवरा हिंगोलीत हातानं खिचडी लावतो. कॉलेज कसं आहे असं पोरीला विचारलं तर ती गेट कुठल्या दिशेला आहे तेवढं सांगू शकते, प्रॅक्टिकलला एकदा गेली होती. सरकारनं २०१८ला बायोमेट्रिक हजेरीचा फतवा काढून पाहिला. अंगठा लावायचं मशीन आलं आणि अंगठे शोधायची नवी पंचाईत. आख्खा मराठवाडा गेली कित्येक वर्षं शाळा-कॉलेजाबाहेर शिकतोय, भाड्याच्या खोलीत, आईच्या नजरेखाली, आणि आपण पुण्याच्या बाईला विचारतो, "हे कायदेशीर आहे का गं?"

आणि कोरोना विसरलात का इतक्यात? मार्च २०२०. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी सरकारचीच पाटी. कुणाचं घर सुटलं सांगा. कुणाच्या पत्र्यावर रेंज यायची, कुणाच्या लिंबाच्या झाडावर. बाप क्वारंटाइनच्या धसक्यानं घरीच, त्यालाही पहिल्यांदा कळलं की पोरगं सहावीला आहे, पाचवीला नाही. व्हॉट्सॲपवर 'स्वाध्याय'चे प्रश्न यायचे. ते सोडवायला काका, आत्या, शेजारचा डिप्लोमावाला, सगळे जमायचे आणि दहापैकी दहा पडले की घरभर पेढ्यासारखा आनंद, लेकरू मात्र अंगणात गोट्या खेळत. मॅडम ऑनलाइन "सेव्हन टेबल म्हण" म्हणायच्या आणि कॅमेऱ्याच्या मागून आई ओठ हलवायची. काहींनी तर तो काळ इतका मनावर घेतला, की शाळा उघडल्यावर आयाच रडल्या. आपल्या ओळखीत एक आहे अशी. ती हे वाचणार, म्हणून गल्ली सांगत नाही.

म्हणून म्हणते, बाईला नावं ठेवणाऱ्यांची यादी काढली आणि बाईकडं गुपचूप येऊन गेलेल्यांची यादी काढली, तर एकच यादी निघते. मार्चाच्या त्या आठ दिवसांत तिच्या माहेरच्या जिन्यावर चपला कमी का होत्या? मावशी स्वतः गेल्या, साखर मागायला. वाटी विसरल्या. विचारलं काय? "परीक्षेचं कसं करता तुम्ही?" मग तिनं सांगितलं, की राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, १९८९ पासूनचं, घरी अभ्यास करून परीक्षा द्या. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, पाचवी, आठवी, दहावी, बारावीच्या बरोबरीचं. आणि नाहीच तर बाहेरून परीक्षेला बसायचा आपला जुना सतरा नंबरचा फॉर्म. सतरा नंबर! अहो, ज्या फॉर्मचं नाव निघालं की सोयरीक मोडायची! "पोरगा सतरा नंबरवाला आहे" म्हणजे दोनदा गचकलेला, टपरीवर बसणारा. तोच फॉर्म आता अशा काही ऐटीत उच्चारतात, की वाटावं हार्वर्डचाच आहे.

आणि मग प्रत्येकाच्या खिशातून निघतो तो एकच फॉरवर्ड: मुंबईची मालविका जोशी. सातवीत आईनं शाळा सोडवली, दहावी-बारावीचं सर्टिफिकेट नाही, आणि २०१६ला थेट अमेरिकेच्या एमआयटीत! "बघा, शाळा सोडली म्हणून गेली." त्या पोरीनं मधल्या काळात प्रोग्रामिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये दोन रौप्य आणि एक कांस्य मिळवलं, एवढा भाग फॉरवर्ड करताना कुठं गळतो कोण जाणे. आपल्याकडं गोष्टीतलं 'शाळा सोडली' तेवढंच पोरांच्या कानात शिरतं. गल्लीतल्या एकानं तर लगेच आईला सांगितलं, "मलाबी एमआयटीला जायचंय, उद्यापासून उठवू नको."

उघडउघड बाटलेलेही निघालेच. औंढ्याकडच्या एका जोडप्यानं पोरीला केजीतून काढलं. कारण विचारलं तर म्हणे व्हॅनमध्ये उलटी होते. एकानं घरात वर्ग थाटला, भिंतीला फळा, वेळापत्रक, घंटा, मधली सुट्टी, पोराला युनिफॉर्म! बाप रोज साडेदहाला घंटा वाजवून आत येतो आणि पोरगं उभं राहून "गुड मॉर्निंग सर" म्हणतं. पुण्याची बाई ते ऐकून आधी हसली, मग गप्पच झाली. आणि एक तर दूरदृष्टीचे. त्यांचं म्हणणं, औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो नावाची वेधशाळा होतेय, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, दोन हजार सहाशे कोटींचं काम, जगभरचे शास्त्रज्ञ येणार. त्यांची लेकरं काय आपल्या 'इंटरनॅशनल'ला जाणार? ती घरीच शिकणार. तर आपण आत्तापासून घरी शिकवायला सुरुवात केलेली बरी, म्हणजे ओळख वाढेल.

राहता राहिली ती लेकरं. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, आपल्या रीतीप्रमाणं.

हळदीच्या रानात त्या दोन पोरांची दोस्ती झाली होती. सालगड्याच्या पोरानं थोरल्याला विचारलं, "तुला सुट्ट्या कधी लागतात?" थोरला विचारात पडला. म्हणाला, "मला सुट्टी नसते." घमेलं खाली आलं. "रविवारी?" "रविवारीपण आई काहीतरी दाखवते." "दिवाळीला?" "दिवाळीला किल्ल्याचा प्रोजेक्ट असतो." बाप्पा! त्या पोराच्या चेहऱ्यावर अशी कणव आली, अशी कणव, की ऊसतोडीच्या लेकरांकडं बघून अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावरही येत नसेल. "मंग तू उद्या आमच्या शाळंत ये," तो म्हणाला. "तिथं निवांत असतंय."

दुसऱ्या दिवशी थोरला हट्टाला पेटला, धाकटी मागं. आईला तत्त्व आडवं येत होतं, पण लेकराला वाटेल ते करू द्यायचं हेही तत्त्वच. गेली तिघं. दोन खोल्यांची शाळा, समोर लिंब, भिंतीवर नकाशा, त्यात आपला जिल्हा अजून परभणीतच. (कुणीतरी तो बदला हो, १९९९ला झालाय वेगळा.) लेकरं ओळीनं खिचडीला बसली होती. थोरल्यानं आपणहून हात धुतले, ओळीत मांडी घातली, ताट पुढं केलं आणि बघता बघता दोनदा घेतली. धाकटी कुणाच्या तरी वेण्या घालण्यात रमली. मग 'गो गो गोवा' की काय तो खेळ सुरू झाला, आरडाओरडा, धूळ, एकाचं नाक फुटलं, आणि निघायची वेळ झाली तेव्हा दोघंही जागचं हलायला तयार नाहीत. आई लिंबाखाली उभी. चेहरा वाचता येत नव्हता.

गुरुजी ऑफिसच्या दारात उभे राहून केव्हाचे बघत होते. पट सतरा. विसाच्या आतल्या शाळांचं काय करायचं ह्याच्या बातम्या पेपरात आल्या की ह्या माणसाची झोप उडते. त्यांनी लेकरं मोजली, बोटानं, ओठ न हलवता. सतरात दोन, एकोणीस. मग सालगड्याच्या कडेवरच्या पोरीकडं बघितलं, ती यंदा सहाची होणार. वीस! ते हलकेच लिंबाखाली आले, घसा साफ केला.

"ताई," ते म्हणाले, "लेकरांचं आधार कार्ड हाय का संगं?"